कातळ आणि न थांबणारं यान

पुण्याहून कोकणात उतरणारी गाडी पौड मागे टाकते, मुळशीच्या तलावाचं पाणी झाडांआडून दिसायला लागतं आणि पुढे ताम्हिणी घाटात रस्त्यासाठी कापलेला डोंगर अगदी अंगाशी येतो. पावसाळ्यात इथे गाड्या थांबतात त्या धबधब्यासाठी, भाजलेल्या कणसासाठी आणि फोटोसाठी. कापलेल्या दगडासाठी सहसा कुणी थांबत नाही. थांबलंच, तर काळ्या कातळाचे एकावर एक रचलेले थर दिसतात, मधेच विटकरी रंगाचा एखादा पट्टा दिसतो आणि दगडाच्या भोकांत बसलेल्या पांढऱ्या गारगोट्याही.

यातला एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक लोट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा पसरला, थंड झाला, पुन्हा पसरला. लाल पट्टे मधल्या विसाव्याचे आहेत. थराची झीज होऊन माती तयार व्हायला वेळ मिळाला आणि मग वरून आलेल्या नव्या लाव्हानं ती माती भाजून काढली. घनगड, कैलासगड, तैलबैलाच्या त्या दोन उभ्या भिंती, सगळं याच दगडाचं. झिजून उरलेला दख्खनचा बसाल्ट आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातला बराचसा दहा लाख वर्षांहून कमी काळात ओतला गेला. भूशास्त्राच्या हिशेबात ही घाईच म्हणायची.

आणि ही घाई चालू असतानाच आजच्या मेक्सिकोतल्या युकातानपाशी सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह येऊन आदळला. त्याचं चिक्शुलूब विवर सुमारे 180 किलोमीटर व्यासाचं आहे. त्या काळातल्या मातीच्या थरात इरिडियम अवाजवी प्रमाणात सापडतं, यावरून 1980 मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी सहकाऱ्यांसह हा आघात मांडला, तेव्हा विवराचा पत्ताही लागलेला नव्हता. डायनोसॉर नेमके कशानं गेले, त्या दगडानं की आपल्या लाव्हानं, हा वाद तेव्हापासून चालू आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दोन गटांनी आपापली उत्तरं छापली आणि दोघांनीही पुरावा उचलला तो पश्चिम घाटातून. प्रिन्स्टनच्या गटानं लाल पट्ट्यांमधले झिरकॉनचे कण मोजले; त्यांच्या मते एक मोठा लोट आघाताच्या थोडा आधीचा. बर्कलीच्या गटानं बसाल्टमधल्या आर्गॉनवरून काळ काढला. त्यांच्या मते तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा. डोंगर तोच, घड्याळं दोन. निकाल अजून लागलेला नाही, आणि लागेल तेव्हा त्यातला मोठा साक्षीदार सह्याद्रीच असेल.

लघुग्रहाजवळून एखादं यान गेल्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर येते आणि अमेरिकेतली गोष्ट म्हणून वाचली जाते. ती इतकी परकी नाही. मेक्सिकोत आदळलेला तो दगड कोणत्या जातीचा होता हे 2024 मध्ये रुथेनियमच्या समस्थानिकांवरून बरंचसं स्पष्ट झालं: कार्बनयुक्त, गुरूच्या पलीकडे घडलेला. तो तर जळून, उडून गेला. पण त्या कुळातले दगड अवकाशात अजून फिरताहेत, आणि त्यांतला एक माणसाच्या यंत्रानं जवळून पाहिला तो 27 जून 1997 रोजी.

त्याचं नाव माथिल्ड. नासाचं ‘नियर’ हे यान त्याच्यापासून 1,212 किलोमीटरवरून निघून गेलं. माथिल्ड पन्नासेक किलोमीटर रुंदीचा, कोळशाहून काळा. म्हणून तिथल्या विवरांना जगभरातल्या कोळसाक्षेत्रांची नावं दिली गेली. त्यांत आपलं दामोदरही आहे. नावं ठेवणाऱ्यांचे हे खेळ मजेचे असतात. गॅस्प्रा नावाच्या लघुग्रहावरची विवरं आरोग्यदायी झऱ्यांच्या गावांवरून ओळखली जातात आणि तिथे हिमाचलातलं मणिकरण आहे. वज्रेश्वरीचा नंबर काही लागला नाही.

माथिल्डनं दोन गोष्टींनी चकित केलं. एक तर त्याची घनता पाण्याच्या जेमतेम सव्वापट निघाली. एवढा मोठा धोंडा, पण आतून बराचसा पोकळ, ढिगाऱ्यासारखा सैल. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच्या अंगावर इतकी प्रचंड विवरं होती की असले फटके खाऊन तो फुटला कसा नाही, हाच प्रश्न पडावा. उत्तर पहिल्या गोष्टीतच होतं. सैल ढीग धक्का गिळतो. मात्र हे सगळं अर्ध्याहून थोड्याच जास्त पृष्ठभागावरून समजलं. माथिल्डला स्वतःभोवती फिरायला सतरा दिवस लागतात. यानापाशी होती काही मिनिटं. दुसरी बाजू अंधारात राहिली, ती आजतागायत तशीच आहे.

न थांबणाऱ्या यानाचं पाहणं हे असं असतं. डेक्कन क्वीन एखाद्या बारक्या स्थानकावरून वेगानं जाते तेव्हा खिडकीतल्या माणसाला पाटीवरची अर्धी अक्षरं, एक बाक आणि कुणाचा तरी वळलेला चेहरा दिसतो, तेवढ्यावरच त्याला ते गाव ओळखायचं असतं. फरक इतकाच की या प्रवाशानं त्या अर्ध्या पाटीसाठी वर्षानुवर्षं प्रवास केलेला असतो.

मग थांबत का नाहीत, असं कुणीही विचारेल. थांबायला इंधन लागतं. लघुग्रहाचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं की ते यानाला धरून ठेवत नाही. सेकंदाला कित्येक किलोमीटरचा वेग यानालाच स्वतःच्या इंजिनानं मारावा लागतो. त्यासाठीचं इंधन वाहून न्यायचं म्हणजे यान जड, रॉकेट मोठं आणि वाटेतल्या बाकीच्या भेटी रद्द. म्हणून बहुतेक मोहिमा मुख्य कामाला जाता जाता वाटेत पडणारे लघुग्रह पाहून घेतात. गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’नं तेच केलं. 29 ऑक्टोबर 1991 रोजी ते गॅस्प्राजवळून 1,600 किलोमीटरवरून गेलं. 1 जानेवारी 1801 रोजी पालेर्मोत पियाझ्झीला सेरेस दिसल्यापासून तोवर 190 वर्षं लोटली होती. मद्रासच्या वेधशाळेतून पॉगसननं 1861 मध्ये शोधलेल्या ‘एशिया’सह हजारो लघुग्रह नोंदले गेले होते. आणि त्या सगळ्या काळात दुर्बिणीला डोळा लावणाऱ्याच्या लेखी लघुग्रह म्हणजे प्रकाशाचा सरकणारा ठिपका, यापलीकडे फारसं काही नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या ठिपक्याला अंग मिळालं, खड्डे मिळाले, सावली मिळाली.

गॅलिलिओची मोठी अँटेना त्याच वर्षी उघडताना अडकली होती. त्यामुळे चित्रं यानावरच्या टेपवर साठवायची आणि छोट्या अँटेनातून मुंगीच्या पावलानं पृथ्वीवर पाठवायची, असा कारभार होता. ऑगस्ट 1993 मध्ये यान आयडा या दुसऱ्या लघुग्रहाजवळून गेलं, पण चित्रं यायला महिने लागले. 17 फेब्रुवारी 1994 रोजी ती तपासताना अ‍ॅन हार्च यांना आयडाच्या शेजारी एक ठिपका दिसला. तो होता सुमारे दीड किलोमीटरचा चंद्र! लघुग्रहाला चंद्र असू शकतो का, यावर तोवर नुसती चर्चा होती. यान तिथून निघून गेल्यावर सहा महिन्यांनी त्या चर्चेचा निकाल लागला. या चंद्राला पुढे डॅक्टिल नाव मिळालं.

फसलेल्या भेटींचीही यादी आहे आणि ती यशाच्या यादीपेक्षा जास्त शिकवणारी वाटते. ‘डीप स्पेस 1’ हे यान जुलै 1999 मध्ये ब्रेल या लघुग्रहापासून अवघ्या 26 किलोमीटरवरून गेलं. इतक्या जवळून तोवर कुणीच गेलं नव्हतं. स्वतःचा रस्ता स्वतः शोधण्याची त्याची परीक्षा होती. रस्ता त्याला सापडला, कॅमेरा मात्र भलतीकडे राहिला आणि हाती लागली ती दूर गेल्यानंतरची धूसर चित्रं. युरोपचं ‘रोझेटा’ सप्टेंबर 2008 मध्ये स्टाइन्सजवळ पोचलं, तर अगदी जवळ येण्याच्या काही मिनिटं आधी त्याचा बारीक तपशील टिपणारा कॅमेरा बंद पडला; दुसऱ्या कॅमेऱ्यानं लाज राखली. नियरचं तर विचित्रच झालं. त्याला इरॉस या लघुग्रहाभोवती फिरायला लागायचं होतं. डिसेंबर 1998 मध्ये ऐन वेळी इंजिनानं दगा दिला आणि ज्याच्यापाशी थांबायचं, त्याच्याच शेजारून ते 3,827 किलोमीटरवरून निघून गेलं. त्या अनिच्छेच्या भेटीत इरॉसचा आकार, वस्तुमान, फिरण्याची दिशा कळली. सूर्याभोवती एक फेरी मारून यान 14 फेब्रुवारी 2000 रोजी परत आलं, वर्षभर त्याच्याभोवती फिरलं आणि 12 फेब्रुवारी 2001 रोजी चक्क त्याच्यावर उतरलं. उतरण्यासाठी ते बनवलेलंच नव्हतं.

सध्या या कामावर असलेलं यान म्हणजे ‘ल्युसी’. ऑक्टोबर 2021 मध्ये ते निघालं आणि बारा वर्षांत एकाहून एक दूरचे लघुग्रह पाहून घ्यायचा त्याचा बेत आहे. कुठेही थांबायचं नाही. 1 नोव्हेंबर 2023 रोजी ते दिंकिनेश नावाच्या, एक किलोमीटरही रुंद नसलेल्या लघुग्रहाजवळून गेलं. ही भेट मूळ आराखड्यात नव्हतीच. कॅमेऱ्याला लक्ष्यावर खिळवून ठेवणारी यंत्रणा नीट चालते का, याची तालीम म्हणून ती नंतर जोडली गेली. तालमीत निघालं काय, तर दिंकिनेशला चंद्र आहे; आणि पुढे सहा मिनिटांनंतरच्या चित्रात दिसलं की तो चंद्र म्हणजे एकमेकांना टेकलेले दोन गोळे आहेत. कोन थोडा बदलला आणि एकाचे दोन झाले.

20 एप्रिल 2025 रोजी ल्युसी डोनाल्डजोहान्सन या लघुग्रहापासून 960 किलोमीटरवरून गेलं. वेग सेकंदाला 13.4 किलोमीटर, म्हणजे पुणे ते मुंबई हे सरळ अंतर साधारण नऊ सेकंदांत. त्या वेळी यान पृथ्वीपासून इतकं लांब होतं की निरोप पोचायला साडेबारा मिनिटं लागत. चूक दिसली तरी ती सुधारण्याचा हुकूम पोचेस्तोवर पंचवीस मिनिटं गेलेली. म्हणून ऐन भेटीत यानानं अँटेना पृथ्वीकडून वळवली आणि सगळं स्वतःच सांभाळलं. आणि सर्वांत जवळ येण्याच्या चाळीस सेकंद आधी त्यानं लघुग्रहाचा माग सोडला, कारण पुढे मान वळवली असती तर उपकरणांवर थेट ऊन पडलं असतं. एवढ्या दूर जाऊन अगदी जवळच्या क्षणी नजर काढून घेण्याचा आदेश अभियंत्यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यांचं कौतुक करायचं तर या चाळीस सेकंदांसाठी करावं. हावरा माणूस कॅमेरा जाळून बसला असता.

डोनाल्डजोहान्सन आठ किलोमीटर लांब, मधे आवळलेला निघाला. तो एका मोठ्या टकरीतून सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी सुटलेला तुकडा मानला जातो. म्हणजे ताम्हिणीचा कातळ घडला तेव्हा त्याचं वय आठ-साडेआठ कोटी झालेलं होतं. सह्याद्रीला आपण आदिम, अनादी म्हणतो. अवकाशातला हा ‘तरुण’ लघुग्रह त्याच्याहून दुपटीनं म्हातारा आहे.

यान तिकडे जातं तसे तिकडचे दगड इकडेही येतात. 1843 मध्ये खानदेशात माणेगावला एक उल्का पडली. ती डायोजेनाइट जातीची आहे आणि या जातीचे दगड वेस्टा या मोठ्या लघुग्रहाचे तुकडे समजले जातात. ‘डॉन’ हे यान 2011 ते 2012 असं वर्षभर वेस्टाभोवती फिरलं, तेव्हा त्या ओळखीला आधार मिळाला. म्हणजे यान वेस्टापाशी पोचायच्या 168 वर्षं आधी वेस्टा खानदेशात पोचला होता. 22 मे 2012 च्या दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. त्या दगडांत पुढे ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं. पृथ्वीच्या पोटात, प्रचंड दाबाखाली ते सर्वांत जास्त आढळतं, पण हाती लागणं महाकठीण. आणि लोणार तर सगळ्यांना ठाऊक. 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर मुळशीतल्यासारख्याच बसाल्टमध्ये खणलं गेलं आहे. चंद्राच्या आणि मंगळाच्या पृष्ठभागावर बसाल्ट मुबलक असल्यानं तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. तिथलं पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं तेव्हा गर्दी उसळली होती. एरवी तळ्याच्या काठावर प्लास्टिकच्या पिशव्या भेटतात.

पुणे जिल्ह्याचा आणि दूरच्या यानांचा संबंध एका वेगळ्या वाटेनंही आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनं 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा क्षीण रेडिओ संकेत टिपला होता. उतरण्याच्या थोडं आधी तो तुटला आणि यान कोसळलं. पण कोट्यवधी किलोमीटरवरची ती शेवटची मिनिटं उसाच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात ऐकली गेली, हे मात्र खरं.

मराठी वाचकाला या सगळ्याची तालीम खरं तर जयंत नारळीकरांनी फार आधी करून दिली होती. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीकडे येणारा धूमकेतू अणुस्फोटानं वळवला जातो आणि इकडे घरात त्याच्या शांतीसाठी यज्ञ होतो. श्रेय कुणाचं, हा प्रश्न कथेत ज्याचा त्याच्यापाशी राहतो. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचं ‘डार्ट’ यान एका लघुग्रहाच्या डायमॉर्फोस या लहानशा चंद्रावर मुद्दाम आदळवलं गेलं, तेव्हा स्फोटकांची गरजही लागली नाही. नुसत्या धडकेनं त्याच्या फेरीचा 11 तास 55 मिनिटांचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त घटला. धडक पाहायला मागून एक छोटं इटालियन यान जात होतं. ते तीनेक मिनिटांनी तिथून गेलं, उडालेल्या धुळीचे फोटो काढले आणि न थांबता पुढे निघालं. नारळीकर हे पाहायला होते. 20 मे 2025 रोजी त्यांचं पुण्यात निधन झालं.

धूळ उडवणारा आणखी एक दगड आहे, फेथॉन. ऑक्टोबर 1983 मध्ये आयरास या उपग्रहाच्या नोंदींमधून तो सापडला आणि लगेच फ्रेड व्हिपल यांच्या लक्षात आलं की दर डिसेंबरात दिसणाऱ्या मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाच्या कणांची वाट आणि याची वाट एकच आहे. उल्कावर्षाव बहुधा धूमकेतूंच्या धुळीतून होतात. फेथॉन दिसायला लघुग्रहच. तो सूर्याच्या इतका जवळ जातो, की बुधही तेवढा जात नाही. एवढी धूळ त्यानं कधी आणि कशी सांडली, हे अजून नीट उलगडलेलं नाही. ते शोधायला जपानचं ‘डेस्टिनी प्लस’ यान 2028 च्या सुमारास निघायचं आहे. फेथॉनपासून सुमारे 500 किलोमीटरवरून, सेकंदाला तीस किलोमीटरहून जास्त वेगानं ते जाईल. पुणे-दिल्ली हवाई अंतर अर्ध्या-पाऊण मिनिटात. तेवढ्या वेळात चित्रं घ्यायची आणि धुळीचे कण पकडून त्यांची रासायनिक चव पाहायची. काम अवघड आहे, कदाचित फसेलही.

फेथॉनची ती धूळ पाहायला मात्र जपानपर्यंत जायची गरज नाही. 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री ती मुळशीवर पडते. पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी, थंडी अंगाला झोंबणारी, आणि मध्यरात्रीनंतर मिथुन रास माथ्यावर आलेली असते. चंद्र नसेल आणि आकाश खरोखर काळं असेल तर तासाभरात शंभराच्या आसपास उल्का दिसू शकतात. 1944 पासून पुण्यात काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेनं शहरातल्या कित्येक पिढ्यांना आकाश पाहायची सवय लावली आणि आता त्या पिढ्यांना अंधार शोधत शहराबाहेर पळावं लागतं. पूर्वेकडे हिंजवडी, बावधन, पिरंगुट यांची उजेडाची साय दर वर्षी थोडी वर चढते. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबई उजळावी म्हणून इथली गावं बुडाली; 1921 पासून सेनापती बापटांसोबत मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, आणि धरण झालंच. त्या वेळी कुणी रात्रीच्या अंधाराची काळजी केली नसेल. आता ती करावी लागते. तलावाच्या काठावर रिसॉर्ट आणि फार्महाऊस वाढली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी झाडांवर, दगडांवर, आकाशावर रात्रभर झगझगीत दिवे सोडलेले असतात. पाहुण्यांना ‘निसर्गाच्या कुशीत’ बोलावून त्यांच्याकडून निसर्गातलं निम्मं काढून घ्यायचं, असा हा व्यवहार.

तेव्हा काठावरच्या मालकांना विनंती आहे की वाटेवरचे, जिन्यावरचे दिवे खुशाल ठेवा, ते खालच्या दिशेला वळवा. पण आकाशाकडे तोंड केलेले दिवे 13 आणि 14 डिसेंबरला रात्री दहानंतर बंद करा. मुळशी, पौड, माले, वळणे या बाजूच्या ग्रामपंचायतींनी त्या दोन रात्रींपुरता तसा ठराव केला, तर खर्च शून्य आहे आणि वीजबिलही थोडं कमीच येईल.